केरूनानांचे वाकडे मणी

“मग चुकतंय कोण? माझा हात, की त्यांचे डोळे?”

नवनाथने हे विचारलं तेव्हा केरूनाना सुईत दोरा ओवत होते. दोरा दोनदा हुकला. तिसऱ्यांदा गेला.

नानांनी गाठ मारली आणि मग मान वर केली.

“गिऱ्हाईक काय म्हणलं?”

“तुम्ही ऐकलंत की.”

“तुझ्या तोंडानं सांग.”

“मशीनचे आहेत म्हणाली.”

…

साताऱ्यात एका शाळेच्या मैदानावर हस्तकलेचं प्रदर्शन भरलं होतं. दर प्रदर्शनासारखं इथंही नानांच्या टेबलाला लागून माझं टेबल. मी घोंगड्या विकतो. भर मार्चात घोंगडी कोण घेतंय, त्यामुळे शेजारचं ऐकायला मला भरपूर सवड होती. ऐकलं ते सांगतो.

केरूनाना जातीचे काचारी. बापजाद्यांचा धंदा बांगड्यांचा. तो बसल्यावर आधी बाप आणि मग नाना काचेच्या मण्यांकडे वळले. टेबलाच्या टोकाला गॅसची बारीक ज्योत. तिच्यात काचेची कांडी धरायची, काच वितळली की ती मातीचा लेप दिलेल्या तारेवर गुंडाळायची आणि तार फिरवत राहायची. फिरवणं जरा थांबलं की मणी एका बाजूला ओघळतो. मग तो तारेसकट गरम राखेच्या डब्यात ठेवायचा आणि सावकाश निवू द्यायचा. सकाळी तार उपसली की राहतं ते भोक.

हे सगळं नवनाथ त्यांच्याच हाताखाली शिकला. त्याआधी तो पुण्याकडे एका कारखान्यात लेथ मशीनवर एका मापाचे गोल भाग कातायचा. हातानं काही घडवायचं म्हणून नोकरी सोडली, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, कुणी विचारलं नाही तरी.

पण पोराचे मणी होतेच मशीनचे वाटावेत असे. त्याच्या ताटात निळे, हिरवे, मधाळ रंगाचे मणी एका मापाचे, अगदी गोल, कुठूनही बघा. शेजारच्या ताटात नानांचे मणी. एकाचं पोट सुटलेलं, दुसरा एका अंगाला चपटा, तिसऱ्याला उगाच शेंडी.

बायका यायच्या. नवनाथचा मणी उचलायच्या, बोटांत फिरवायच्या.

“मशीनचे आहेत गं,” असं शेजारणीला सांगून तो खाली ठेवायच्या आणि नानांच्या ताटात हात घालायच्या.

नवनाथला स्वतःचं वेगळं टेबल हवं होतं. नानांनी ‘मांड’ म्हटल्याशिवाय त्यांच्या हाताखालचा कुणी वेगळं मांडत नसे. म्हणून येतानाच टेम्पोत त्यानं बोलून ठेवलं होतं, की या प्रदर्शनात माझं ताट रिकामं झालं तर पुढच्याला मी वेगळं मांडणार. नाना ‘बरं’ म्हणाले होते. आता पहिल्या दिवसाची दुपार कलली होती आणि ताटातला एकही मणी हलला नव्हता.

“मशीनचे म्हणतात,” नवनाथ पुन्हा म्हणाला. “मशीन सोडून आलोय मी, नाना.”

मला त्याची कीव आली. थोडी गंमतही वाटली, खोटं कशाला बोलू.

“चहा सांग,” नाना म्हणाले.

“चहा राहू द्या. तुमचे का खपतात ते मी सांगतो. वाकडे आहेत म्हणून खपतात.”

समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. ज्याच्याकडे शिकलो त्याला चारचौघांत असं कुणी बोलत नाही. मी घडी घातलेली घोंगडी उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

नानांनी आपल्या ताटाकडे पाहिलं. एक मणी उचलला, फिरवला, ठेवला.

…

“वाकडे हाईत खरे,” ते म्हणाले. “तीन चहा सांग. शेजारच्या पाव्हण्यांना बी.”

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर नवनाथ ज्योतीपुढे बसला. मणी नेहमीसारखा गोल झाला की तो थांबायचा आणि काच मऊ आहे तोवर चिमट्याच्या टोकानं एक दाब द्यायचा. मण्याला लहानसा खड्डा पडायचा. तो राखेत. मग पुढचा.

नाना शेजारी बसून बघत होते.

“हे काय नवीन?” न राहवून मी विचारलं.

“हाताची खूण,” नवनाथ म्हणाला. “लोकांना ती पाहिजे ना? घ्या म्हणावं.”

मला वाटलं, नाना आता बोलतील. सगळं आटपल्यावर राखेच्या डब्याला झाकण मात्र त्यांनीच लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोल मणी एका डब्यात भरून टेबलाखाली गेले. खड्ड्याचे मणी काळ्या दोऱ्यात एकेक ओवून ताटात मांडले गेले. नवनाथचं बोलणंही बदललं होतं.

“ताई, इथं अंगठा लावून बघा. काच मऊ असताना दाबलंय. हाताचंच काम.”

ताई अंगठा लावायच्या. अंगठ्याला खड्डा लागला की त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याचा आनंद यायचा.

“हो गं. लगेच कळतंय हाताचं ते.”

गळ्यात घालायच्या, मोबाइलमध्ये बघायच्या, तसाच गळ्यात ठेवून पैसे द्यायच्या. मी दोन दिवसांत एक घोंगडी विकली होती, तीही ओळखीच्या माणसाला. माझी काय जळजळ झाली असेल ते सांगत नाही.

जेवणाच्या सुमाराला ताट रिकामं झालं. नवनाथनं ते पुसलं आणि नानांसमोर धरलं.

“झालं.”

“झालं,” नाना म्हणाले.

“मग पुढच्या वेळी…”

“मांड.”

…

“रागावलात?”

“न्हाई.”

“मग काहीतरी बोला ना.”

“मांड म्हणलं की.”

नवनाथ ताट धरून तसाच उभा. हवं ते मिळालं होतं आणि तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं. त्याला परवानगी हवी होती, हे खरं. पण तिच्याबरोबर शाबासकीही हवी होती, आणि ती कुणी दिली नव्हती.

तेवढ्यात दोन बायका आल्या. दोघींच्या गळ्यात नवनाथचे मणी. एकीचा निळा, एकीचा मधाळ.

“दादा, ही माझी धाकटी जाऊ,” थोरली म्हणाली. “सकाळी हिनं घेतला. हिला न सांगता नंतर मी घेतला. आत्ता भेळ खायला बसलो तर बघा.”

तिनं दोन्ही मणी काढून तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही खड्डे एकाच जागी होते. रुंदी तेवढीच, खोली तेवढीच.

“साच्यातले का हो हे?” धाकटीनं विचारलं. रागानं नव्हे. बाजारभाव विचारावा तसं विचारलं.

“नाही. हातानं केलेत. माझ्या हातानं.”

“मग दोन्हींना इथंच कसा खड्डा?”

नवनाथनं मणी हातात घेतले. एक फिरवला, मग दुसरा. मीही उठून वाकून पाहिलं. पोराची एवढी वर्षं लेथवर गेलेली. गोल करायला बसला तर गोल एकसारखे, आणि बिघडवायला बसला तर बिघाडही एकसारखा.

तो तोंडात मारल्यासारखा उभा राहिला.

“बाई, त्येचा हातच तसा हाय,” नाना म्हणाले. “साचा न्हाई. काल सांजच्याला माझ्यासमूर केल्यात त्यानं.”

“असेल बाबा. तुम्ही म्हणता तर असेल,” थोरली म्हणाली. “पण आम्ही एका घरातल्या. दोघींच्या गळ्यात एकच नको दिसायला. बदलून देता का?”

दोघींनी नानांच्या ताटातून एकेक मणी उचलला. धाकटीनं घेतला त्याला शेंडी होती, आणि तिला तीच आवडली. दोघी हसत निघून गेल्या.

नवनाथच्या रिकाम्या ताटात दोन मणी परत आले होते.

…

“म्हणजे ताट रिकामं झालं नाही,” तो म्हणाला.

“मी मांड म्हणलोय.”

“नको.”

“आता का नको?”

नवनाथ खाली वाकला. टेबलाखालचा डबा त्यानं ओढून काढला, उघडला आणि नानांसमोर ठेवला. आत कालचे गोल मणी. मग तो नानांच्या पायाशी सतरंजीवर बसला. इतक्या दिवसांत भांडल्याशिवाय काही विचारताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो.

“नाना, गोल केला तर मशीनचा म्हणतात. मुद्दाम बिघडवला तर पकडला जातो. तुम्ही कसं करता?”

“काय?”

“वाकडा. दर वेळी निराळा. एकासारखा दुसरा नाही. तुमच्या शेजारी बसून सगळं शिकलो, पण ही खुबी तुम्ही कधी दाखवली नाही. हातचं राखलंत.”

“राखायला काय हाय त्यात?”

“मग दाखवा. ते आलं तर मी वेगळं मांडीन. नाही आलं तर परत लेथवर जाईन. मध्ये लोंबकळत नाही राहायचं मला.”

हे तो धमकी म्हणून बोलत नव्हता. त्याचा निश्चय झालेला दिसत होता, आणि मला वाईट वाटलं. असा हात परत कारखान्यात जाणार म्हणजे कुणाचंच भलं नव्हतं.

नानांनी डब्यातला एक गोल मणी घेतला. हिरवा. दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. सावकाश फिरवला. पुन्हा फिरवला. एका बाजूनं बघून झाल्यावर चष्मा पुसला आणि दुसऱ्या बाजूनं बघू लागले.

…

“वाकडा कोण करतंय?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही.”

“मी गोलच करायला बसतो रे.”

नवनाथ हसणार होता. त्यानं नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसला नाही. नानांची थट्टा मी ओळखतो. ती ही नव्हती.

“रोज?”

“रोज. बा म्हणायचा, फिरवीत ऱ्हा, हुईल.”

“आणि?”

“त्येच्या हातनं बी न्हाई झाला.”

…

नवनाथची मान खाली गेली. ताटातले ते दोन खड्ड्याचे मणी त्यानं उचलले आणि मुठीत झाकून घेतले. लाजला होता. लाजायलाच हवं होतं.

पलीकडे लाउडस्पीकरवर कुणाची तरी हरवलेली पर्स सापडल्याचं सांगत होते. एक गिऱ्हाईक माझ्या टेबलाशी येऊन घोंगडी चाचपू लागलं. मी त्याला भाव सांगितला नाही. ते निघून गेलं.

नाना टेबलाला धरून उठले. हिरवा मणी त्यांनी खिशात टाकला नाही, ताटातही ठेवला नाही. ज्योतीसमोर, बसल्यावर नजरेला पडेल असा ठेवला. ज्योतीपुढे एक खुर्ची होती, ती नानांची. बाजूला बुटकं स्टूल, त्यावर शिकणाऱ्यानं बसायचं. नाना स्टुलावर बसले. गुडघे वर आले, ते त्यांनी हातानं दाबून खाली केले. एक तार घेतली, एक कांडी घेतली.

नवनाथ सतरंजीवरून उठला, पण खुर्चीला हात लावेना.

“नाना, तिथं मी बसतो.”

“खुर्चीवर बस,” नाना म्हणाले. “गोल तू शिकव. वाकडा मला येतो.”