बदली होऊन आलेली परी आणि रिकामी वाटी

मोरवड नावाचं एक शहर होतं. आटपाट वगैरे काही नव्हतं, चांगलं वाकडंतिकडं होतं. शहर म्हणावं तर भर रस्त्यात म्हशी बसायच्या, आणि गाव म्हणावं तर तिथल्या लोकांना राग यायचा. एक बाजारपेठ, एक बसस्टँड, एक नगरपालिकेची बाग, आणि उरलेली सगळी माणसं दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारणारी.

या मोरवडमध्ये वेणू नावाची नऊ वर्षांची मुलगी राहायला आली आणि आल्या दिवसापासून वैतागली.

वैतागणार नाही तर काय करणार बिचारी? आधी ती मोठ्या शहरात राहायची. एकच खोली, पण त्या खोलीत आई होती, बाबा होते आणि चार वर्षांचा पिटुकला भाऊ निमू होता. खिडकीखालून दिवसभर ट्रक जायचे, काळा धूर वर यायचा आणि निमूची छाती शिट्टीसारखी वाजायची. शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, या पोराला धुरातून बाहेर काढा. म्हणून आईने मोरवडच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं आणि दोन पोरांना घेऊन ती इथे आली. बाबा मात्र तिकडेच राहिले. ते एका कारखान्यात शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. एवढ्याशा शहरात आपल्याला कोण काम देणार, असं त्यांना वाटायचं. वेणूची वेणी बाबाच घालायचे, घट्ट आणि सरळ. आता ती स्वतः घालायची आणि वेणी कायम एका कानाकडे पळायची.

तसं मोरवड वाईट नव्हतं, खोटं कशाला बोला? आभाळ निळंशार होतं. अंगणात गुलबक्षीची गुलाबी, पिवळी, इवली इवली फुलं उमलायची. शाळा पाच मिनिटांवर होती. आणि निमूची शिट्टी बंद झाली होती. पण वाचनालय नव्हतं, दुपारी दुकानं झोपायची, नळाला पाणी मनात येईल तेव्हा यायचं, आणि ते प्रश्न! कुणाची गं तू? किती भावंडं? आज भाजी काय? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तुझे बाबा का नाही दिसत? सोडून गेले की काय, असं कुणीतरी वेणूच्या पाठीमागे कुजबुजलंसुद्धा होतं. ते ऐकून तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण घरातलं बाहेर सांगायचं नाही, ही मोठ्या शहरातली आईची शिकवण होती. वेणू ओठ घट्ट मिटायची आणि पळत सुटायची.

शेजारच्या अनसाकाकू तर प्रश्नांच्या महाराणी होत्या. बरं, माणूस प्रेमळ. आठ दिवसांत त्यांनी पाच वाट्या पाठवल्या. कधी भोपळ्याचे घारगे, कधी अळूची भाजी, कधी साखरभात. वेणू आणि निमू सगळं चाटूनपुसून खायचे. मग आई कामावरून यायच्या आधीच वेणू वाटी घासून लखलखीत करायची आणि परत नेऊन द्यायची. काकू वाटीत बघायच्या, वेणूकडे बघायच्या आणि सुस्कारा सोडायच्या. काय चुकलं ते काही सांगायच्या नाहीत.

एका रविवारी दुपारी वेणू निमूला घेऊन बागेत गेली. निमू घसरगुंडीवर उलटा चढायला लागला. तेवढ्यात बोगनवेलीच्या जाळीतून कुणीतरी चिडून पुटपुटतंय असं वेणूला ऐकू आलं. वाकून बघते तर काय, अंगठ्याएवढी एक परी! चाफ्याच्या पाकळीचा झगा, सोनेरी केस, आणि मोरपंखी पंख काट्यांत अडकलेले. ती हलली की जांभळी, रुपेरी चमचम भुरभुर खाली पडायची.

वेणूने एक एक काटा हलक्या हाताने बाजूला केला. अर्धा तास लागला. तिची बोटं रक्ताळली, पण परीच्या पंखाचा एक धागाही तुटला नाही.

परीने पंख झटकले आणि आभार मानता मानता तक्रारच सुरू केली. तिचीही मोठ्या शहरातून इथे बदली झाली होती. तिकडे लाखो माणसं, पण एक मान वर करून बघेल तर शपथ. इकडे सगळे बघतात. काल एका आजीने तिला विचारलं होतं, लग्न का नाही केलंस, आणि पगार किती मिळतो. वेणूला इतकं हसू आलं की बोटं दुखायची थांबली.

मग परीने अक्रोडाच्या कवटीएवढी एक चांदीची वाटी काढली. आता पऱ्यांना नियमांची एवढी हौस का असते, देव जाणे. एका वाटीत एकच इच्छा. प्रत्येक इच्छेबरोबर तिची जोडीदारीण, म्हणजे न मागितलेली एक गोष्टही येते, तिला नाही म्हणायचं नाही. दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आत वाटी परत करायची. आणि अशा वाट्या फक्त दोन.

वेणूने क्षणभरही विचार केला नाही. मोरवडच्या लोकांनी आम्हाला काही विचारू नये, असं तिने मागितलं. वाटीत चिमुकली निळी ठिणगी उडाली आणि विझली.

दुसऱ्या दिवशी काय मजा! काकू गप्प, दुकानदार गप्प, शाळेतल्या बाई गप्प. वेणू फुलपाखरासारखी भिरभिरत होती. पण शाळेतून येताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला. ती लंगडत, डोळे पुसत आख्खी गल्ली चालून आली, आणि काय झालं असं कुणी विचारलं नाही. घरी बालवाडीतून परतलेला निमू भुकेला होऊन पायरीवर बसला होता. रोज काकू विचारायच्या, जेवलात का रे पोरांनो? आज त्या समोरून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत.

"ताई," निमू म्हणाला, "आपण दिसत नाही का लोकांना?"

 वेणूने चांदीची वाटी घासून घासून चकचकीत केली, निमूचा हात धरला आणि बाग गाठली. परीने वाटीत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"रिकामी? वेणू, वाटी कधी रिकामी परत करतात का? काहीतरी घालायचं असतं. निदान चिमूटभर साखर तरी."

रिकाम्या वाटीने इच्छा आपोआप मोडली आणि वाऱ्यावर किणकिणत निघून गेली. वेणूला मात्र काकूंच्या पाच वाट्या आठवल्या, पाचही चकचकीत आणि पाचही रिकाम्या. तिचे कान लाल झाले. मग तिला रागही आला. आधी का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं. त्यावर परी म्हणाली, हे काय सांगावं लागतं? आता वेणू भडकलीच. या गावात सगळे सगळं विचारतात, आणि सांगायचं तेवढं कुणी सांगत नाही, असं ती ठणकावून म्हणाली. परीने थोडा विचार केला आणि कबूल केलं की हे खरं आहे.

मग तिने दुसरी वाटी काढली. वेणूच्या ओठांवर इच्छा तयारच होती. मला परत जायचंय, बाबांजवळ.

परी पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलली. "जाशील. पण या इच्छेबरोबर कोण येईल, ते तुला ठाऊक आहे."

निमू घसरगुंडीवर उलटा चढत होता आणि खदखदून हसत होता. त्या हसण्यात कुठेही शिट्टी नव्हती. वेणू त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिली. तिला बाबा हवे होते. मग तिने फ्रॉकने डोळे पुसले.

"नको मग," ती म्हणाली. "वाटी राहू दे माझ्याजवळ. मला आधी काकूंच्या पाच वाट्या भरायच्या आहेत."

इच्छा नाही म्हणजे मुदतही नाही, असा नियम निघाला. एक तरी नियम कामाचा निघाला म्हणायचा.

घरात होतं तरी काय? आईने वेणूसाठी डब्यात लपवून ठेवलेला गुळाचा एक खडा. तोच तिने घरच्या वाटीत घातला आणि ती काकूंच्या दारात उभी राहिली. काकूंनी वाटीत पाहिलं. त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच प्रश्न आलाच, बाबा कधी येणार गं तुझे?

या वेळी वेणू पळाली नाही. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. निमूची छाती, ट्रकचा धूर, बाबांचा कारखाना, शिलाई मशिनी, सगळं. शेवटी ती म्हणाली, "सोडून नाही गेले ते आम्हाला."

 काकू आत गेल्या आणि कोपऱ्यातल्या एका वस्तूवरची चादर त्यांनी ओढली. खाली शिलाई मशीन होती. आठ महिने बंद. दुरुस्त करणारा मोरवडमध्ये कुणी नव्हता, आणि मोठ्या शहरात न्यायचं तर टेम्पो करावा लागे. गल्लीत अशा अकरा मशिनी होत्या. बायका ब्लाउज शिवायच्या, पिशव्या शिवायच्या, आणि आता नुसत्या बसून होत्या.

"अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या.

"वाटी रिकामी द्यायची नसते, हे तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" वेणू म्हणाली. काकूंना हसू आवरेना.

पुढच्या रविवारी बाबा हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि काकूंच्या ओसरीवर बसले. संध्याकाळपर्यंत चारच मशिनी झाल्या, कारण प्रत्येक मशिनीमागे त्यांना वीस प्रश्न विचारले गेले. तोवर पलीकडच्या गल्लीतून आणखी सहा आल्या. महिना संपायच्या आत बाबांनी कारखान्याचा निरोप घेतला. ओसरीवर त्यांच्या नावाची पाटी लागली आणि वेणूची वेणी पुन्हा सरळ झाली. वाचनालय अजून नव्हतं आणि नळाचंही जुनंच रडगाणं होतं. पण निमू पाटीखाली बसून मोठमोठ्याने गाणी म्हणायचा.

मग आईने शिरा केला. वेणूने चांदीची वाटी काठोकाठ भरली, वर एक बेदाणा ठेवला आणि ती बागेत गेली.

"आली का तुझी इच्छा?" परीने सावधपणे विचारलं. वाटी भरलेली आहे, हे तिने आधीच बघून घेतलं होतं.

"हो," वेणू म्हणाली. "परीताई, तू जेवलीस का?"

 परीला लग्नाचं विचारलं होतं, पगाराचं विचारलं होतं, आणि इच्छा तर जो भेटेल त्याने मागितली होती. हे मात्र शेकडो वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ती बोगनवेलीखाली बसली आणि तिने इवल्या बोटांनी सगळा शिरा खाल्ला, बेदाणा अगदी शेवटी. मग ती पोटभर हसली. तिच्या झग्यातून सोनेरी उजेड निघाला. तो गुलाबी झाला, पांढराशुभ्र झाला, साऱ्या बागेत पसरला, आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

वाटी तेवढी वेणूच्या हातात राहिली. तीही रिकामी नव्हती. तळाशी चिमूटभर साखर होती, प्रत्येक दाणा सात रंगांत चमकणारा.

घरी जाताना वाटेत अकरा जणांनी विचारलं, हातात काय आहे गं? वेणूने प्रत्येकाला थांबून सांगितलं.