पाणी आणणारीचे पाय

त्या दिवशी वारा अगदी पडला होता. आभाळ भुरकट, लिंबाचे पानही हलत नव्हते. शेजारचे शमुवेलभाऊ घाम पुशीत आमच्या ओट्यावर येऊन बसले. समोर हापशावर त्यांची बायको राहेल पाणी भरीत होती. शमुवेलभाऊ त्यांच्या मंडळीचे पंच. नव्या पाळकाला कायम करायचे की नाही, हे पंचांनी ईस्टर झाल्यावर ठरवायचे होते.

"आबा, परवा पवित्र गुरुवारी पाळकसाहेबांनी बारा जणांचे पाय धुतले. माझेपण. प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे, डोळ्यांत पाणी आणून. पण मला काय खरं वाटंना. इतका गोड माणूस असतो का कुठं?"

"संशय घ्यावा की," मी म्हणालो. "आमचे शास्तेही बुद्ध होण्याआधी एका जन्मी असेच संशयी होते. ऐका."

फार मागे, नदीकाठच्या एका नगरात सुदर्शन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. वेशीवर एक धर्मशाळा होती. आजारी, लंगडे, वाट चुकलेले तिथे टेकत. तिचा अधिकारी वारला. श्रीगुप्त नावाचा गृहस्थ तिथे येईल त्याचे पाय स्वतःच्या हातांनी धूत असे. लोक म्हणाले, यालाच अधिकारी करा. राजालाही पटले. अमात्य तेवढे म्हणाले, "महाराज, सात दिवस थांबा. उद्या सत्ता हाती आल्यावर हा दुबळ्यांना कसा वागवील, हे गोड बोलण्यावरून कसे कळावे?"

बाजारात लोक हसले. "अमात्यांना खिरीतही खडा लागतो!"

राजा म्हणाला, "बघा शोधून. खोटा निघाला, तर अधिकाऱ्याचे आसन तुमचे." आसन साधे नव्हते. त्यावरून निघालेला शब्द राजाही मोडत नसे.

अमात्य फाटके घोंगडे पांघरून, पायांना मुद्दाम चिखल फासून धर्मशाळेच्या दारात बसले. श्रीगुप्ताने त्यांचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतली मातीसुद्धा काढली. अमात्यांनी त्याचे हात निरखले, डोळे निरखले. काही सापडेना. दुसऱ्या दिवशी तेच, पाचव्या दिवशी तेच. मनातला संशय काही उठून जाईना.

सहाव्या दिवशी रांजण रिकामा झाला. एक म्हातारी घागर घेऊन आली, पाणी ओतले आणि वळली. तिच्या मागे फरशीवर ओली पावले उमटली. पावलांत रक्त होते.

अमात्य तिच्या मागे गेले. नदीचा उतार सगळा खडकांचा.

"आजी, दिवसाला किती खेपा?"

"मोजतंय कोण? रांजण भरेस्तवर."

"टाचा किती फुटल्यात! तुझे पाय कोण धुतं?"

म्हातारी हसत सुटली. "माझे? अरे येड्या, पाणी आणणारीचे पाय ओलेच की!"

अमात्यांना दोष सापडला. मनाला बरे वाटले, आसनही डोळ्यांपुढे आले. मग त्यांची नजर आपल्याच पायांवर गेली. पाय स्वच्छ होते. सहा दिवस याच म्हातारीच्या पाण्याने धुतलेले. चिखल तर त्यांनी मुद्दाम फासला होता, म्हणजे तिच्या खेपाच वाढवल्या होत्या. श्रीगुप्ताला ती दिसली नाही खरी, पण त्यांना तरी कुठे दिसली?

सातव्या दिवशी राजा आला, नगर जमले. अमात्य म्हातारीची घागर खांद्यावर घेऊन तिच्यासोबत आले. "महाराज, आसन मला नको. याच्यात जो दोष, तोच माझ्यात," असे म्हणून त्यांनी सगळे सांगितले. श्रीगुप्ताचा चेहरा उतरला. तो तांब्या घेऊन म्हातारीपुढे बसला.

तिने पाय मागे घेतले. "आत्ता नको, लेकरा. आत्ता सगळे बघतायत. उद्या उतारावर ये, घागर धरायला."

महिनाभर अमात्य रोज सकाळी उतारावर जात. एक घागर स्वतः वाहत आणि एक डोळा श्रीगुप्तावर ठेवीत. स्वभावच तसा. श्रीगुप्त एकही दिवस चुकला नाही. मगच त्याच्या कपाळी अधिकाराचा टिळा लागला.

ते अमात्य म्हणजे आपले शास्ते. श्रीगुप्त पुढे त्यांच्याच संघात आला, आजारी भिक्खूंची अंथरुणे धुऊ लागला. म्हातारी कोण झाली, ते मात्र मला सांगणाऱ्यानेही सांगितले नाही. अमात्यांच्या अशा खरेपणाला सत्यपारमिता म्हणतात. दुसऱ्याच्या तोंडावर धरलेला दिवा आपल्याही पायांशी आणावा लागतो.

समोर राहेलच्या हाताखाली हापसा अजून वाजत होता. शमुवेलभाऊ तिकडे बघत उठले, वहाणा पायांत सरकवल्या.

"आबा, गुरुवारचं पाणीपण तिनंच भरलं होतं. पाळकसाहेबांचं मागनं बघू. जरा घागर धरून येतो."