वाफ्यातली चिमूटभर माती

एका गुळाच्या व्यापाऱ्याची आई एकदा अंथरुणाला खिळली. परसातला फुलांचा वाफा तिने चाळीस वर्षं स्वतः राखलेला. आता उंबऱ्यापर्यंत जाणंही होईना. म्हणून मुलाने तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर फुलं रंगवायला एका वृद्ध चित्रकाराच्या शिष्याला बोलावलं. शिष्याचं हे एकट्याचं पहिलंच काम.

त्याने कष्टात कसूर केली नाही. तांब्यात खोचलेली शेवंती, गुलाब, गोकर्ण. हरताळाचा पिवळा, हिंगुळाचा लाल, निळीचा निळा, सगळे रंग स्वतः खललेले. एकाचा थेंब दुसऱ्यात जाऊ नये म्हणून कुंचला सात पाण्यांत धुवायचा. भिंत अशी झळकली की शेजारीपाजारी बघायला आले. म्हातारीने मात्र कूस बदलली. म्हणाली, "जत्रेतलं दुकान मांडलंय. चादर टाका त्यावर."

व्यापारी एरवी गोड बोलणारा, पण त्या दिवशी गूळ संपला होता. उद्या संध्याकाळपर्यंत आईला रुचलं नाही तर भिंतीला चुना फासीन, आणि पुन्हा या दारात दिसू नकोस, एवढंच त्याने सुनावलं.

शिष्य गुरूंकडे धावला. रंग आणखी उजळ कसे करू, हेच विचारत होता शहाणा. सकाळी गुरू त्याला घेऊन तडक व्यापाऱ्याच्या परसात गेले, सुकलेल्या वाफ्यातली ओंजळभर माती उचलली, फडक्यातून गाळली आणि रंगाच्या प्रत्येक वाटीत चिमूट चिमूट टाकली. एकही रंग सोडला नाही. नवे रंग खलायला वेळ कुठला?

"गुरुजी, नासले की सगळे."

"अरे, शेवंती पिवळी, गुलाब लाल, पण दोघांनी खाल्लेली माती एकच. ती तू सात पाण्यांत धुऊन टाकलीस. म्हणून तुझी फुलं एका तांब्यात बसलीत, पण एकमेकांना ओळखत नाहीत. आणि या बाईची तर चाळीस वर्षं नखं याच मातीत गेली. तिला तुझी परकी फुलं कशी रुचतील? रंगव आता. तोंड पाडून बसू नकोस."

शिष्याने जुन्याच रेघांवर हात फिरवला. पिवळा वाळल्या कडब्यासारखा मवाळ झाला, लाल विटेच्या रंगावर उतरला, निळा धुरकटला. संध्याकाळी सुनेने म्हातारीला पुन्हा भिंतीकडे वळवलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

मग ती सुनेला म्हणाली, "मागच्या शेवंतीने मान टाकलीय गं. तांब्यात पाणी घाल."

व्यापाऱ्याने दाराशी ठेवलेली चुन्याची बादली गपचूप परसात नेली. शिष्य हसला, डोळे पुसले आणि कुंचला धुवायला बसला. एकाच पाण्यात.