छबीच्या टोपीखालची ओळ

एका गावात क्रोशाच्या सुईवर जीव टाकणाऱ्या बायकांचा एक ग्रुप होता. मोबाइलवरचा हो, नाहीतर एवढ्या जणी एका ओसरीवर मावल्या असत्या का? ग्रुपचा नियम एकच: वीण खुशाल घ्या, पण खाली जिची तिचं नाव लिहा.

त्या ग्रुपात यमुनाकाकू होत्या. त्यांची नात छबी सातव्या महिन्यातच जन्मली, डोकं मोसंबीएवढं. दुकानातली कुठलीही टोपी थेट तिच्या डोळ्यांवर यायची. काकूंनी अकरा वेळा विणून, उसवून एक टोपी जमवली आणि तिची कृती ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, ‘यमुनाकाकूंनी विणलेली छबीची टोपी.’

ग्रुपातल्याच प्रणोती नावाच्या नव्या सुनेला ती टोपी भारी आवडली. पोर वाईट नव्हती हं, पण कौतुकाची भुकेली. तिने टोपी विणली, दुसऱ्या मोठ्या ग्रुपवर कृतीसकट टाकली आणि खालची ओळ तेवढी गाळली. “इथे कोण विचारतंय?” असं मनाशी म्हणाली.

झालं! फुलं काय, अंगठे काय, वाहवा काय! तालुक्याच्या महिला मंडळाने तर शिकवायला बोलावणंच धाडलं.

काकूंना कुणीतरी ते दाखवलं. त्या भांडल्या नाहीत. ग्रुपवर काही टाकायच्या मात्र बंद झाल्या. त्यांचं बघून बाकीच्याही हात राखून वागू लागल्या, आणि ग्रुपवर नुसतं शुभ सकाळ उरलं.

मंडळात प्रणोती शिकवायला बसली. एक आजी पुढे आल्या. “पोरी, माझा नातू दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. डोक्याचं माप दोऱ्यावर आणलंय. किती टाके कमी करू? कानाला काचणार नाही ना?”

दोरा जेमतेम वीतभर होता. प्रणोतीने टोपी कृती बघून विणली होती, टाक्यांचा विचार काही तिचा नव्हता. काहीतरी आकडा ठोकून द्यावा असं जिभेवर आलं, पण दोऱ्याकडे बघून तिचं धाडस होईना.

“आजी, ही टोपी माझी नाही,” ती म्हणाली. “यमुनाकाकूंची आहे. मी त्यांचं नाव गाळलं. चुकलं माझं.”

“मग तुला कशाला बोलावलं गं आम्ही?” एक फटकळ बाई म्हणाली.

प्रणोतीचे डोळे भरून आले. तरी तिने सगळ्यांसमोर काकूंना फोन लावला आणि दोऱ्याच्या मापासकट सारं सांगितलं.

काकू म्हणाल्या, “आधी आजींना सांग, सहा टाके कमी करा आणि काठ सैल सोडा. छबीच्या कानामागे वळ उठला होता, तेव्हा मला ते कळलं.”

आजींनी तिथेच सुई हातात घेतली.

“काकू, खूप रागावलात ना?” प्रणोतीने विचारलं.

“रागावले तर! अगं, टोपी जगाने घालावी म्हणूनच टाकली होती मी. पण आमची छबी बावीस दिवसांचीच सोबतीण ठरली. छबी हे नुसतं लाडाचं नाव, तिचं बारसंसुद्धा झालं नाही. तिचं नाव कुठे लिहिलेलं होतं तर त्या एका ओळीत, बाई.”

प्रणोती हुंदके देऊन रडली. घरी जायच्या आधी तिने मोठ्या ग्रुपवर सगळं खरं लिहिलं आणि ती ओळ सगळ्यांत वर घातली. आठवड्याने त्याच ग्रुपवर आजींनी टोपी घातलेल्या नातवाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या बाळाला छबीताईची टोपी.’

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याची कल्पना हक्काने घ्या, पण नाव गाळू नका, त्या नावामागे कुणाचा जीव गुंतलाय ते आपल्याला ठाऊक नसतं.