बिनआवाजाची गाडी

गाड्या मांजरांशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. सोसायटीत विजेवर चालणारी गाडी येणार, हे ऐकून ठिपकी मांजरीची झोप उडाली. इंजिन घुरघुरलं की गाडीखालून पळायचं, एवढंच तर तिनं आपल्या पिल्लाला, गोटूला, शिकवलं होतं. आणि ही म्हणे आवाजच करत नाही.

"आजकालच्या गाड्या चालतात की तरंगतात, तेच कळत नाही," म्हातारी जीप कुरकुरली.

नवी गाडी आली ती ढग उतरावा तशी. तिच्या काळ्याभोर अंगात अख्खं आभाळ दिसत होतं. ठिपकी भीती विसरून बघतच राहिली. मालकिणीनं पूजा केली, चाकांपुढे लिंबं ठेवली आणि गाडी चालवायला आत बसली. तेवढ्यात गोटू चेंडू समजून पुढच्या लिंबावर झेपावला.

चाक हललंच नाही. गाडी बारीक आवाजात टुणटुणली, तशी मालकीण खाली उतरली आणि तिनं गोटूला उचलून कट्ट्यावर ठेवलं.

"ताई, तुला दिसला कसा गं तो?" ठिपकीनं विचारलं.

"मला चारी अंगांना डोळे आहेत," गाडी हळूच म्हणाली. "तरी चाकाजवळचं दर वेळी दिसेलच असं नाही. तू त्याला शिकव बाई."

ठिपकीनं गोटूला पोटाशी घेतलं. "गाडी कितीही गप्प असो, तिच्या चाकाजवळ जायचं नाही. कळलं?"

"कळलं," गोटू म्हणाला. "मग ते लिंबू तू आणून देतेस?"