शनिवारी बसू

वसईतल्या एका फरशीच्या व्यापाऱ्याला पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी व्हावेसे वाटले. नाव यशवंत नलवडे. नव्या घराच्या दिवाणखान्यात त्यांनी सागवानी बार करून घेतला होता. बावीस बाटल्या, सहा प्रकारचे ग्लास, चकचकीत शेकर, सगळे होते. कॉकटेल तेवढे करता येत नव्हते. म्हणून त्यांनी इनासकाकांना गुरू केले. एका जुन्या क्लबात चाळीस वर्षे बारमागे काढून काका निवृत्त झाले होते.

या खटाटोपाला कारण होते रंगनाथ, नलवड्यांचा कॉलेजपासूनचा मित्र. दोन वर्षांपूर्वी त्याची पत्नी गेली, तेव्हा नलवडे कामाच्या गडबडीत भेटायला गेले नाहीत. मग लाज वाटली म्हणून गेले नाहीत. रंगनाथने त्यांचा फोन घेणे सोडले. परवा कसाबसा घेतला. "पुढच्या शनिवारी बसू की," नलवडे म्हणाले, आणि तो बऱ्याच वेळाने 'बरं' म्हणाला. ही भेट फसली तर मैत्री संपली, हे त्यांना ठाऊक होते.

आठवड्यात नलवडे नऊ कॉकटेल शिकले. "हात बसलाय तुमचा," काका एवढेच म्हणत.

शनिवारी पाच वाजता काका आले. रम, लिंबू, आल्याचा रस आणि किंचित गूळ घालून त्यांनी एक जग भरला व फ्रिजमध्ये ठेवला. मग बारला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या.

"अहो काका, पाहुण्यासमोर शोभा करताय का माझी? मग आठवडाभर कशाला घासून घेतलंत?"

"शिकायचं होतं, शिकवलं. किल्ली उद्या न्या," म्हणून काका घरी निघून गेले.

रंगनाथ आला. नलवड्यांनी दोन ग्लास भरले. पुढे करण्यासारखे काही उरले नाही, म्हणून ते बसले. नलवडे उगाच दोनदा उठले, पण बारला कुलूप होते. शेवटी रंगनाथ म्हणाला, "दहाव्यापर्यंत वाट बघितली यशा तुझी. फाटक वाजलं की बाहेर यायचो."

नलवड्यांनी सबब सांगितली नाही. "चुकलो रे," म्हणाले आणि रडले. जग अर्धा तसाच राहिला.

सकाळी ते किल्ली न्यायला गेले. काका दारातच उभे होते.

"चाळीस वर्षं हेच बघितलं," काका म्हणाले. "मोडलेला माणूस बोलायला तोंड उघडायचा आणि माझा शेकर वाजायचा. उभ्या माणसाला ऑर्डर नीट ऐकू येते, बाकीचं राहून जातं. माझा भाऊसुद्धा एकदा क्लबात आला होता, काहीतरी सांगायला. त्यालाही मी ग्लासच भरून दिला. तो परत आला नाही. आपण मित्राला म्हणतो, 'शनिवारी बसू.' 'पिऊ' म्हणतो का? काल बार उघडा असता, तर तुम्ही नऊच्या नऊ कॉकटेलं केली असती आणि बसला नसता."

नलवड्यांनी किल्ली घेतली. मग विचारले, "काका, तुमचा भाऊ कुठे असतो?"

"इथेच. बोळींजला."

"मग शनिवारी बोलवा माझ्याकडे. ग्लास मी भरतो. तुम्ही बसा."

काका आत वळले. खुर्ची ओढून बसले आणि वहीत भावाचा नंबर शोधू लागले.