हौशीला ठेवायचं कुठं?

खडकेवाडीला गेनू ढमाले म्हणून एक भोळा गृहस्थ होता. भोळा म्हणजे किती? तर सांगाल तेवढंच आणि सांगाल तसंच करायचा. व्यसन नाही, भांडण नाही, लबाडी तर त्याला जमलीच नसती. फक्त सांगितलेलं ऐकायचा, आणि तेवढ्यानंच घरातले जेरीस आले होते. घरातले म्हणजे त्याची बायको वेणूबाई आणि तिची म्हातारी कुत्री हौशी.

वेणूबाईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. डावा आधीच अंधुक. डॉक्टरांनी बजावलं, शनिवारी ऑपरेशन झालंच पाहिजे, नाहीतर डोळा हातचा जाईल. ऑपरेशन तालुक्याला आणि पुढं आठ दिवस तिथंच बहिणीकडे राहायचं. बहिणीच्या बिल्डिंगमध्ये कुत्र्याला बंदी. वेणूबाईनं सांगून टाकलं, हौशीची नीट सोय झाल्याशिवाय मी घरातून हलायची नाही. डोळा गेला तर गेला.

तिचं तरी काय चुकलं? मागं लग्नाला जाताना हौशीला एकाकडे चार दिवस ठेवली होती. परत आणली तर गळ्याला दोरीचा वळ. तेव्हापासून कुणी केरसुणी उचलली तरी ती कॉटखाली शिरायची. अहो, केस कापायचे तर माणूस दोन वर्षं कुणाच्या हाताखाली शिकतो. कुत्री सांभाळायला ना शिकावं लागतं, ना परवाना, ना कुणी तपासायला येतं. चार पत्रे ठोकले, वर पाटी लावली, की झाला तज्ज्ञ. आणि अशा बाजारात चांगलं माणूस शोधायला जाणार कोण, तर आमचा गेनू.

बुधवारी वेणूबाईनं त्याला चार प्रश्न पाठ करून दिले. मारता का? साखळी किती लांब? जेवायला काय? आजारी पडलं तर डॉक्टर कोण? गेनू हौशीला घेऊन तालुक्याला गेला. सगळ्यात मोठी पाटी ‘श्वान महाल’ची होती. मालक फाटकात काठी घेऊन उभा. गेनूनं चार प्रश्न विचारले, मालकानं चार उत्तरं दिली. मारत नाही, साखळी लांब, जेवायला दूधभात, डॉक्टर घरचाच. गेनू खूश होऊन घरी आला.

वेणूबाईनं विचारलं, तिथली कुत्री काय करत होती?

गेनू म्हणाला, कोपऱ्यात बसली होती. शेपट्या पोटाशी घेऊन. फार शिस्तीची. मालकानं काठी नुसती हलवली तरी डोळे मिटून घ्यायची.

वेणूबाईनं डोक्याला हात लावला. म्हणाली, “अहो, माणसाचं बोलणं ऐकू नका. कुत्र्याची शेपटी बघा. जिथं शेपटी हलते ते माणूस चांगलं.”

गुरुवारी गेनू पुन्हा निघाला. आता कान बंद, डोळे शेपटीवर. तालुक्याला पोचला तर मंडईच्या तोंडाशीच सहा कुत्री एका माणसासमोर बसलेली आणि सहाही शेपट्या जोरात चाललेल्या. हौशीची सुद्धा. गेनूला भरून आलं. एवढा प्रेमळ माणूस त्यानं जन्मात बघितला नव्हता. त्यानं हौशीचा पट्टा त्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाला, आठ दिवस तुमच्याकडे ठेवून घ्या.

तो मटणवाला होता. एका हातात सुरा, दुसऱ्या हातात हौशीचा पट्टा आणि समोर गिऱ्हाइकांची रांग. रांगेतल्या एका आजोबांनी पिशवीची घडी घातली आणि आज घरी वरणच करू म्हणून ते निघून गेले. त्यांच्यामागं बाकीचे. मटणवाला गेनूला काय काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही. गेनूनं ते ऐकलंही नाही, कारण माणसाचं बोलणं ऐकायचं नव्हतं. तरी त्या भल्या माणसानं हौशीला एक हाडूक दिलं आणि दोघांना गावच्या रस्त्याला लावून दिलं.

वेणूबाई त्या रात्री जेवली नाही. शनिवार तोंडावर आलेला. ती हौशीच्या अंगावरून हात फिरवत होती. शेवटी तिनं गेनूला समोर बसवलं आणि एकेक शब्द सावकाश सांगितला.

“खायच्या आशेनं कुणापुढंही शेपटी हलते. तुम्ही आत जाऊन बघा. झोपायची जागा बघा. जो आपल्याला आत येऊ देत नाही, दाराशीच थांबा म्हणतो, त्याच्या हवाली आपला जीव करायचा नाही. एवढं लक्षात ठेवा.”

एवढं गेनूनं लक्षात ठेवलं. तेच तर झालं.

शुक्रवारी मटणवाल्यानंच त्याला कुसुमताई शेडग्यांचा पत्ता दिला. कदाचित पुन्हा आपल्याकडे येऊ नये म्हणून दिला असेल. कुसुमताई जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कामाला होत्या, आता तालुक्यातच राहत्या घरी कुत्री सांभाळायच्या. पाटी नाही, काही नाही. दार सताड उघडं. म्हणाल्या, या, सगळं घर बघा. गेनू आत गेला. झोपायची जागा बघितली. बघून काय कळणार, म्हणून गोधडीवर आडवा झाला. एका बाजूला एक लंगडं कुत्रं, दुसऱ्या बाजूला हौशी. डोळा लागला तो दुपारी उघडला. कुसुमताईंनी त्याला उठवलं नव्हतं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला होता.

मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. हौशी खाते काय? फटाक्यांना भिते का? गळ्याला हात लावला की अंग चोरते, कुणी बांधली होती का हिला? गेनू घरी येऊन कुरकुरला. प्रश्न आपण विचारायचे होते, ही बाई आपल्यालाच विचारते.

वेणूबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणाली, मी हेच माणूस शोधत होते. शनिवारी सकाळी तिनं स्वतःच्या हातानं हौशीला कुसुमताईंकडे सोडलं. हौशी गोधडीवर जाऊन निवांत पसरली. वेणूबाई हलक्या मनानं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली.

तिथं गेनूनं डॉक्टरांना आधी चार प्रश्न विचारले. मारत नाही, हे डॉक्टरांनी हसून सांगितलं. साखळीचं मात्र त्यांना काही सांगता येईना. तोवर नर्सनं वेणूबाईला हिरवा डगला चढवला, डोळ्यांत औषध घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि चाकाच्या खुर्चीत बसवून ऑपरेशनच्या खोलीपाशी आणलं. गेनू आत शिरायला लागला. नर्स म्हणाली, आत यायचं नाही, तुम्ही दाराशीच थांबा. आणि औषधाची बाटली आणायला आत वळली.

गेनूनं खुर्ची फिरवली.

लिफ्टनं खाली, फाटकातून बाहेर आणि सरळ हमरस्त्यानं. लोक थांबून बघत होते. वेणूबाईनं एकदा विचारलं, ऑपरेशनची खोली एवढी लांब आहे का हो? गेनू म्हणाला, पुढच्या चौकात.

घाबरू नका, ऑपरेशन त्याच दिवशी झालं. खुर्ची कुसुमताईंच्या दारात जाऊन थांबली, त्यांनी वेणूबाईला तशीच परत नेली आणि डॉक्टरांची समजूत काढली. वेणूबाई आता सुईत दोरा ओवते. पण त्या दिवशी हिरव्या डगल्यातल्या बायकोला गोधडीवर निजवून गेनू कुसुमताईंना जे म्हणाला, ते अजून अख्खा तालुका एकमेकांना सांगतो.

“ताई, मोतीबिंदू तेवढा तुम्हीच काढा. विळी घरात असेलच. मी इथं बसून बघतो.”